किती कमी चालेल?

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये २५ नर्सबाई एक वेगळेच काम करत होत्या. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत झालेल्या बाईला त्या लगेच गोळ्या देत, तिच्याखाली मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा कागद सरकवत आणि किती रक्त गेले ते वाचून नोंदवून ठेवत. निम्म्या बायकांच्या गोळ्यांत मिसोप्रोस्टॉल होते, निम्म्यांच्या गोळ्यांत औषध नव्हतेच. कोणाला काय मिळाले हे बाईलाही माहीत नव्हते आणि देणाऱ्या नर्सलाही. एकूण १,६२० बायका. हिशेब उघडला तेव्हा बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलेले दिसले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर केलेले हे काम २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले गेले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कारणासाठी ती गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

आतड्याच्या कर्करोगावरच्या पुस्तकाची सुरुवात बाळंतपणाने का, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या मच्छेत, शेजारच्या देसूरला, पिरनवाडीला किंवा तिकडे निपाणीला वैद्यकीय चाचणीचा विषय काढला, की ती कुठे तरी बोस्टनला नाही तर फार तर परळच्या टाटा हॉस्पिटलात होणारी गोष्ट आहे, असे समजले जाते. प्रत्यक्षात ती याच जिल्ह्यात, उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या हातून, जगाने दखल घ्यावी अशी होऊन गेली. मच्छेत तर विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठिकाण आहे, औद्योगिक वसाहत आहे, कास्टिंग आणि मशिनिंगची कामे आहेत. मोजमाप म्हणजे काय आणि अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तरीही डॉक्टरने ‘चाचणीत नाव घालू का’ असे विचारले की घरातले वडीलधारे आधी एकच विचारतात, ‘आमच्यावर प्रयोग करायलेत काय?’

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून बाजूला सारणारे डॉक्टर मला पटत नाहीत. त्याला इतिहास आहे. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी दुसऱ्यांच्याच सह्या असल्याचे चौकशीत निघाले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांवरच्या ढिल्या देखरेखीबद्दल केंद्र सरकारला चांगलेच सुनावले. त्यानंतर नियम बदलत गेले आणि २०१९ साली नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांचे स्वतंत्र नियम आले.

आणि आपल्याजवळचे उदाहरण तर याहून अवघड आहे, कारण तिथे वाईट हेतूचा माणूस शोधून सापडत नाही. धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचे उस्मानाबाद) १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने, टाटा रुग्णालय आणि परदेशी संस्थांच्या साथीने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांना एचपीव्हीची तपासणी, काहींना पॅप, काहींना व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची. चौथ्या गटाला फक्त माहिती, तपासणी नाही. २००९ साली निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. या आकड्याच्या बळावर पुढे जगभरच्या तपासणी कार्यक्रमांची दिशा बदलली. पण त्या ६४ जणींच्या बाजूने प्रश्न उभा राहिलाच : पॅप तपासणीचा उपयोग आधीपासून ठाऊक असताना चौथा गट तपासणीवाचून का ठेवला? सरकारी व्यवस्थेत त्या काळी कोणत्याच बाईला अशी तपासणी मिळत नव्हती, म्हणजे आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही, असे उत्तर दिले गेले. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही, आणि चाचणी व्हायलाच नको होती असेही म्हणवत नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या ज्या चाचण्या पुढे येतात त्यांत तुलनेच्या गटाला सहसा त्या काळचा सर्वमान्य उपचार मिळतो, काहीच न मिळणे क्वचित. पण हा फरक प्रत्येक वेळी तपासून पाहावा लागतो.

दोन गट चिठ्ठी टाकून पाडायचे ही कल्पना दवाखान्यातली नाही, शेतातली आहे. इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ती मांडली. नवे बियाणे बांधाच्या चांगल्या बाजूला पेरले आणि जुने खडकाळ बाजूला, तर उतारा बियाण्याचा की जमिनीचा, हे कळायचे नाही. म्हणून कुठल्या वाफ्यात काय पेरायचे हे नशिबावर सोडायचे. बेळगावच्या बासमतीची शेती पाहिलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत समजते. १९४८ साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंग्रजी चाचणीत ही पद्धत औषधांकडे आली. डॉक्टरला ज्या रुग्णाबद्दल आशा वाटते त्यालाच तो नवा उपचार देतो, आणि तो रुग्ण एरवीही बरा झालाच असता. चिठ्ठी आहे ती डॉक्टरच्या या आशेला आवर घालण्यासाठी.

आता रोगाकडे. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब. त्याचा शेवटचा वीतभराहून कमी भाग म्हणजे गुदाशय. वरच्या भागातली गाठ काढणे तुलनेने सोपे, कारण पोटात जागा असते. गुदाशय कमरेच्या हाडांच्या अरुंद खोबणीत, मूत्राशय, गर्भाशय किंवा प्रोस्टेट आणि लघवी व लैंगिक क्रियेच्या नसा यांच्या दाटीत बसलेला असतो. त्याच्या टोकाला शौच धरून ठेवणारा स्नायू. तो वाचला नाही तर पोटावर शौचाची कायमची पिशवी. म्हणून वरच्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या चाचण्या वेगवेगळ्या होतात, आणि एकीचा निकाल दुसरीला लावता येत नाही. वर्तमानपत्रांत या दोन्हींची नेहमी सरमिसळ होते.

आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, पण जो येतो तो तरुण वयात आणि उशिरा येतो. टाटा रुग्णालयातल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते, आणि बऱ्याच जणांची गाठ गुदाशयाच्या बाजूला. सिग्नेट रिंग म्हणतात तो आक्रमक प्रकार पश्चिमेत शंभरात एखाद्याला दिसतो. या रुग्णांत त्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. अमेरिकेत वा युरोपात या रोगाचा नेहमीचा रुग्ण पासष्टी ओलांडलेला असतो. मच्छेत तो कारखान्यात पाळीला जाणारा, धाकटे पोर शाळेत असलेला माणूस असू शकतो. शौचातून रक्त पडले की तो मूळव्याध समजून सहा-आठ महिने काढतो. रस्त्याकडेच्या ‘मूळव्याध, भगंदर’ अशा पाट्यांखाली या महिन्यांतले बरेचसे जातात. बोटाने तपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीने तपासणी, एवढ्याने पुष्कळांचा रोग आधी सापडला असता. याला कुठल्याही नव्या चाचणीची गरज नाही.

शस्त्रक्रियेचा इतिहास ‘जास्त’कडून सुरू होतो. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी खालून गाठ काढलेल्या आपल्या ५७ रुग्णांची नोंद ठेवली होती. त्यांपैकी ५४ जणांचा रोग उलटला. १९०८ साली त्यांनी पोटातून आणि खालून, दोन्ही बाजूंनी कापून संपूर्ण गुदाशय काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. ती जीव वाचवत होती, आणि प्रत्येकाला आयुष्यभराची पिशवी देत होती. पुढची सत्तर वर्षे मोठ्या कापण्यालाच चांगले कापणे समजले गेले. बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी १९८२ साली वेगळेच दाखवले. गुदाशयाभोवती चरबीचे एक आवरण असते. ते न फाटता, त्याच्या बाहेरच्या नैसर्गिक पदरातून, डोळ्यांनी पाहत हळूहळू कापत गेले तर रोग तिथेच परत येण्याचे प्रमाण एकदम खाली येते, आणि नसाही वाचतात. यात गंमत अशी की या शस्त्रक्रियेची चिठ्ठ्या टाकून तुलना कधी झालीच नाही. हील्ड देशोदेशी गेले, शल्यविशारदांच्या शेजारी उभे राहून शिकवत राहिले, आणि पद्धत पसरली. चाचण्यांचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकाने हेही सांगायला हवे, की या रोगातली सर्वांत मोठी सुधारणा चाचणीतून आली नाही, हातातून आली.

चाचण्यांनी त्यानंतर त्या हाताशी बाकीचे उपचार जोडून पाहिले. १९९७ च्या स्वीडिश चाचणीत ऑपरेशनच्या आधी पाच दिवस रेडिएशन, म्हणजे आपले लोक ज्याला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात तो, दिल्यावर रोग जागीच परतण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ वर आले. २००१ साली डच चाचणीत १,८०० च्या वर रुग्ण होते आणि सगळ्यांचे ऑपरेशन हील्ड पद्धतीने झाले होते. दोन वर्षांनंतरचे आकडे : नुसत्या ऑपरेशनने ८.२ टक्के, शेक देऊन २.४ टक्के. स्वीडनमधले २७ आणि हॉलंडमधले ८.२ शेजारी ठेवून पाहा. चांगल्या हाताची किंमत किती, याचा ढोबळ अंदाज त्या दोन आकड्यांच्या फरकातून येतो, आणि ही तुलना करणे हे त्या चाचण्यांच्या उद्दिष्टांत नव्हतेच.

वरच्या आतड्यात केमोची गोष्ट सुरू झाली ती जंताच्या औषधाने. लेव्हामिसोल शेळ्यामेंढ्यांना जंतावर देतात. १९९० साली अमेरिकेत चार्ल्स मोर्टेल यांच्या चाचणीत ते फ्लुरोयुरॅसिलबरोबर दिले गेले आणि लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेल्या रोगात मृत्यूंचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले. दहा वर्षांनी दुसऱ्या चाचण्यांनी दाखवले की श्रेय फ्लुरोयुरॅसिलचे होते, जंताचे औषध नुसतेच सोबत होते. ते गेले. २००४ साली मोझॅक चाचणीने ऑक्सॅलिप्लॅटिन आणले आणि तीन वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ७२.९ वरून ७८.२ टक्के झाले. त्याचबरोबर हातापायांना मुंग्या आल्या.

इथून पुढचा काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि हे पुस्तक त्याच्यासाठीच आहे. २००५ पर्यंत चाचणीचा प्रश्न ‘आणखी काय देता येईल’ असा असे. त्यानंतर काही मोठ्या चाचण्यांनी उलटे विचारायला सुरुवात केली : किती कमी चालेल? औषध कंपनीला या प्रश्नात फारसा रस नसतो. कमी औषध देऊन चालते हे सिद्ध करायला पैसा कोण घालील? म्हणून या चाचण्या बहुधा सरकारी निधीतून, डॉक्टरांच्या गटांनी केलेल्या आहेत. आणि त्यांचा सर्वांत जास्त फायदा कोणाला व्हायला हवा, तर मोठ्या केंद्रापासून दूर राहणाऱ्या, रोजावर जगणाऱ्या माणसाला.

आयडिया नावाचा प्रकल्प घ्या. १२ देशांतल्या सहा चाचण्या, १२,८३४ रुग्ण, निकाल २०१८ साली. ऑपरेशननंतर केमो सहा महिने द्यायचा की तीन? सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब केला तेव्हा ‘तीन महिने सहाइतकेच’ हे ठरवलेल्या कसोटीवर उतरले नाही. हे सांगितलेच पाहिजे. पण रोग आतड्याच्या भिंतीपल्याड फार गेलेला नाही आणि एक ते तीनच लसिका ग्रंथींत आहे, अशा रुग्णांना कॅपॉक्स पद्धतीने तीन महिने पुरतात, हे त्यातून दिसले. कॅपॉक्स म्हणजे तीन आठवड्यांतून एक सलाइन आणि मध्ये घरी गोळ्या. म्हणजे आठ खेपांऐवजी चार. मुंग्यांचा त्रास जाणवण्याइतका झालेल्यांचे प्रमाण सहा महिन्यांच्या गटात ४५ टक्क्यांच्या आसपास होते, तीन महिन्यांच्या गटात १४. टक्केवारीत हे कोरडे वाटते. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईच्या किंवा मच्छेत लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बोटांची संवेदना गेली म्हणजे काय, याचा विचार करावा. शर्टाचे बटण लागत नाही, थंड पाण्याला हात लावला की करंट बसतो, आणि काहींचे हे कधीच पूर्ण बरे होत नाही. औषध वाचले, खेपा वाचल्या, हात वाचले.

गुदाशयात २०२३ साली प्रॉस्पेक्ट चाचणी आली. १,१२८ रुग्ण. निम्म्यांना नेहमीसारखा पाच-सहा आठवड्यांचा शेक आणि केमो, मग ऑपरेशन. उरलेल्यांना आधी फक्त केमो, आणि गाठ पुरेशी आटली नाही तरच शेक. पाच वर्षांनंतर रोगमुक्तांचे प्रमाण ७८.६ आणि ८०.८ टक्के, म्हणजे फरक नाही. केमोच्या गटातल्या दहात एकालाही ऑपरेशनआधी शेक लागला नाही. शेक वाचला म्हणजे तरुण बाईची पाळी आणि मूल होण्याची शक्यता वाचली. पण सावध राहा : स्नायू वाचवता येईल अशाच, फार न वाढलेल्या गाठी या चाचणीत होत्या. आपल्याकडे मोठी आणि अगदी खालची गाठ घेऊन येणारा तरुण त्या १,१२८ मध्ये नव्हता. त्याला हा निकाल लावणे म्हणजे भात आणि ऊस यांना एकच पाणी देणे.

सर्वांत धाडसी ‘कमी’ म्हणजे ऑपरेशनच न करणे. साओ पाउलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली आपल्या २६५ रुग्णांचा अनुभव मांडला. शेक आणि केमोनंतर ज्यांची गाठ पूर्ण दिसेनाशी झाली अशा ७१ जणांना त्यांनी कापलेच नाही, नुसते पाहत राहिल्या. तेव्हा त्यांच्यावर भरपूर टीका झाली. २०२२ साली अमेरिकेतल्या ओप्रा चाचणीत ३२४ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत होता. पिशवीच्या भीतीने उपचारच टाळणाऱ्या माणसाला याहून मोठी बातमी नाही. आणि नेमके इथेच माझे गणित अडते. ‘पाहत राहणे’ म्हणजे पहिली दोन वर्षे दर चार महिन्यांनी दुर्बीण आणि दर सहा महिन्यांनी एमआरआय, तेही गुदाशयाचा एमआरआय वाचायची सवय असलेल्याकडून. तपासण्या चुकल्या आणि गाठ परत वाढली, तर जी शस्त्रक्रिया सोपी झाली असती ती अवघड होते, कधी हातची जाते. ज्याला मुंबईची खेप म्हणजे चार दिवसांचा रोज आणि सोबत एक माणूस, त्याच्यासाठी ऑपरेशन टाळणे हा कमी उपचार नाही, जास्त आहे. सल्ला देणाऱ्याने हा हिशेब आधी मांडायला हवा. हे अंतर हळूहळू कमी होते आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बेळगावात केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. मिरज आणि कोल्हापूरचा रस्ता तर निपाणीकर आधीपासूनच धरतात.

जून २०२२ मध्ये मोबाइलवर फिरलेली ‘कॅन्सरचे औषध सापडले’ ही बातमी पुष्कळांना आठवत असेल. डोस्टारलिमॅब. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये गुदाशयाच्या १२ रुग्णांची गाठ फक्त या सलाइनने, ऑपरेशन आणि शेकाशिवाय, पूर्ण नाहीशी झाली. बातमी खरी होती. २०२५ मध्ये हा आकडा ४९ पैकी ४९ झाला, हेही खरे. बातमीने जे गाळले ते असे की हे सगळे रुग्ण एका विशिष्ट जनुकीय दोषाचे होते, आणि गुदाशयाच्या शंभर रुग्णांत असे पाच ते दहा सापडतात. औषधाची किंमत आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. पण तो दोष आहे की नाही हे सांगणारी तपासणी, एमएमआर, काढलेल्या तुकड्यावरच होते, आपल्याकडे होते, आणि महाग नाही. चमत्काराची बातमी वाचून मुंबई गाठण्यापेक्षा आधी ही तपासणी करून घेतलेली बरी.

रोबोटचे फलक आता लहान शहरांतही लागतात. २०१७ च्या रोलार चाचणीत ४७१ रुग्णांवर रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना झाली. मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण ८.१ आणि १२.२ टक्के, हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असा निष्कर्ष. नंतर चीनमधल्या मोठ्या चाचणीत, हात बसलेल्या शल्यविशारदांकडून, रोबोटचा निकाल थोडा सरस आला. वाद मिटलेला नाही. मात्र घर गहाण टाकून रोबोट घ्यावा असे या दोन्हींतून निघत नाही.

त्यापेक्षा मला चीता नावाच्या चाचणीचे कौतुक जास्त आहे. भारत, घाना, नायजेरिया, रवांडा, बेनिन, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका अशा सात देशांतली ८१ रुग्णालये, १३,३०१ रुग्ण, सगळी पोटाची ऑपरेशने. प्रश्न एवढाच : जखम शिवायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि स्वच्छ अवजारे घेतली तर? जखमेत पू होण्याचे प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आले. आतड्याच्या ऑपरेशननंतर जखम चिघळली तर केमो लांबतो, घरी येणे लांबते, कर्ज वाढते. हातमोज्याचा जोड काही रुपयांचा. श्रीमंत देशांतल्या मोठ्या केंद्रांना सुचली नसती अशी ही चाचणी आहे, आणि बेळगावसारख्या ठिकाणी कशा प्रकारचे प्रश्न विचारावेत याचा नमुनाही. टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशनच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती साधे भुलीचे इंजेक्शन दिले, दातांचे डॉक्टर देतात तेच, आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. २०२३ सालचा निकाल. तेच डोके.

जून २०२५ मध्ये आलेली चॅलेंज चाचणीही त्याच जातीची. वरच्या आतड्याच्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना केमोनंतर तीन वर्षे व्यायामाचा मार्गदर्शक मिळाला. मुख्यतः आठवड्यातून तीन-चारदा पाऊण-एक तास झपझप चालणे. आठ वर्षांनी त्यांच्यातले ९०.३ टक्के जिवंत होते, नुसती माहितीपत्रिका मिळालेल्या गटातले ८३.२. एखाद्या औषधाने एवढा फरक दाखवला असता तर त्याची किंमत लाखांत ठरली असती. एक शंका मात्र राहते. त्या चाचणीतले लोक आधी फारसे न हालणारे होते. दिवसभर चिखलात रोप लावणाऱ्या बाईला आणखी चालायला सांगायचे काय? याचे उत्तर परदेशातून येणार नाही. ते इथेच शोधावे लागेल.

चाचणीत नाव घालायची वेळ आली तर काय पाहावे, यावर शेवटचे प्रकरण आहे. दोन गोष्टी मात्र इथेच सांगतो. भारतातल्या चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, २० जुलै २००७ ला सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. ती कोणालाही फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक सांगता न येणाऱ्या चाचणीत जाऊ नये. दुसरी गोष्ट भाषेची. मच्छेच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड, डॉक्टरांच्या कागदावर इंग्रजी. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, हा नियम आहे, कोणाची मेहेरबानी नाही. मराठी कागद मागण्यात सीमावादाचा काही संबंध नाही, आणि कन्नड घरातल्या रुग्णाने कन्नड मागण्यातही नाही. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावा लागतो. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्याने नेहमीचा उपचार थांबत नाही. नेहमीच्या उपचाराहून जादा तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. प्रवासखर्च कोण देणार हे मात्र सहीच्या आधी विचारून घ्यावे. महाराष्ट्राने २०२३ साली ८६५ सीमागावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली, कर्नाटकाची स्वतःची आरोग्य योजना आहेच. कोणत्या दवाखान्यात कोणते कार्ड चालते याची चौकशी निदानाच्या दिवशीच सुरू करावी, कारण दोन राज्यांच्या मध्ये जाणारे आठवडे गाठ मोजत नाही.

ज्यांच्या घरी सध्या उपचार चालू आहे त्यांनी आतड्याच्या रचनेचे पहिले प्रकरण सोडून द्यावे आणि तपासणीचा रिपोर्ट समोर ठेवून थेट तिसऱ्याकडे यावे. रिपोर्टात टी आणि एन या अक्षरांपुढचे आकडे शोधावेत. आयडियाचा निकाल तुम्हाला लागू होतो का, हे डॉक्टरांशी बोलताना तेच आकडे लागतील. पिशवीवरचे प्रकरण घरातल्या दुसऱ्या माणसाने आधी वाचावे. एमएमआर तपासणी झाली नसेल तर ती जुन्या तुकड्यावरही होते. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. पॅथॉलॉजी विभागात अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड मागून घेता येतात. मिरजेला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जाताना ते फायलीबरोबर न्यावेत, आणि गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नयेत; मेण वितळते.